कुकरला सर्दी झाली तो हिवाळा

दिवाळीचा आकाशकंदील काढून ठेवला, तरी वर्ध्यात थंडी एकदम अंगावर येत नाही. आधी सकाळी फरशी पायाला गार लागते. मग दिवाणातून स्वेटर निघतात आणि दोन-तीन दिवस घरभर डांबरगोळ्यांचा वास फिरत राहतो. बाजारात तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात, संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. आर्वी रोडवरून कापसाने गच्च भरलेल्या गाड्या जातात आणि कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात. हे सगळं मला लहानपणापासून आवडतं. पण याच सुमारास घरात कुणीतरी पहिली शिंक देतं, आणि ती शिंक सानूची असली की मी तिच्या मागे मागे फिरायला लागतो.

परवा ती शिंकली. सानू, माझी मुलगी, आता सातवीत आहे. आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती. मी गुपचूप तिच्या मागे, आरशात दिसणार नाही असा उभा राहिलो आणि अगदी हळू पुटपुटलो, "फणस."

"फणस," ती म्हणाली. मान वळवली नाही.

"शंख."

"शंख. बाबा, मला उशीर होतोय."

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, हसण्याचा आवाज आला. दर हिवाळ्यात, सानूला सर्दी झाली की माझा हा खेळ सुरू होतो. खेळ म्हणतो मीच. त्या दोघींना ठाऊक आहे की तो खेळ नाही, आणि तरीही त्या मला तो खेळू देतात.

सानू तिसरीत असतानाचा हिवाळा. मी तेव्हाही आजच्याच नोकरीत होतो, शहराबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात, केसपेपर काढायच्या खिडकीवर. वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा लांबच्या गावात, त्यामुळे सकाळची बस चुकली की तिचा दिवस बिघडायचा आणि तिचा बिघडला की आमचा सगळ्यांचा. आणि आबा, माझे वडील. तळेगावकडे आमचं थोडंसं वावर आहे. तिथे आबांनी जन्मभर वांगी, मेथी, सांबार पिकवून आठवडी बाजारात विकला. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला तेच म्हणतात. आदल्या वर्षी आई गेली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. आल्याबरोबर त्यांनी घरामागच्या हातभर जागेत मेथी टाकली. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. हे आम्हाला त्यांच्या पांढऱ्या मिश्यांइतकं सवयीचं होतं.

त्या हिवाळ्यात सानू फार मजेशीर बोलायला लागली होती. मुलं त्या वयात बोलतातच, पण आमचीच जरा जास्त हुशार, अशी माझी खात्री होती. एकदा कुकर गॅसवर असताना ती स्वयंपाकघरात आली, त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, कुकरला सर्दी झाली का? त्याचा आवाज बसलाय." मी दवाखान्यात चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. मोबाईलच्या स्टेटसलाही टाकलं. पुलगावच्या माझ्या आतेबहिणीने लगेच हसरे चेहरे पाठवले. मग मला चटकच लागली.

"थंडीत पाखरांना स्वेटर नसतो, म्हणून ती गप्प बसतात का?"

"आई गोधडी तोंडात घेऊन का बोलते?"

आमच्या घरापासून रेल्वेलाईन फार दूर नाही. हिवाळ्यात गाडीची शिट्टी उलट अधिक स्पष्ट येते. एके संध्याकाळी सानू खिडकीत उभी होती. लांबून गाडीचे दिवे सरकत गेले आणि ती म्हणाली, "आता गाड्या पण चोरपावलांनी जातात." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वैशालीला दोनदा ऐकवलं. आपल्या घरात लेखिका जन्मली आहे, असंही म्हणालो. चहाच्या टपरीवर लोक मला विचारायचे, "काय भाऊ, आज काय म्हणाली पोरगी?" मी रोज काहीतरी घेऊन जायचो. मुलीचे शब्द खिशात घालून नेणारा आणि चहाबरोबर वाटणारा बाप, असा मी त्या दिवसांत होतो. आणि फार सुखात होतो.

घरात आणखी एक गंमत चालली होती. सानू आणि आबा यांची गट्टी. शाळेतून आली की ती व्हरांड्यात आबांच्या शेजारी, त्यांच्या बाजेवर जाऊन बसायची. दोघंही घसा ताणून बोलायची. समोरच्या घरातल्या काकू हसून म्हणायच्या, "तुमच्या घरात काय शिजलं ते मला रोज कळतं." टीव्हीचा आवाज आबा आधीच मोठा ठेवायचे, आता सानू जाऊन तो आणखी दोन घरं वाढवायची. मी करवादायचो. "आबांचं समजू शकतो, तुला काय धाड भरली?" ती रिमोट घेऊन निमूट आवाज कमी करायची आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायची. मग मी पुन्हा ओरडायचो, डोळे खराब होतील म्हणून. डोळ्यांची मला फार काळजी होती. गाजर, पालक, सकाळी गार पाण्याचे हबके, सगळं चालू होतं.

मधेच शाळेत पालकसभा झाली. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सान्वी हुशार आहे, पण तिचं लक्ष नसतं हो. हाक मारली तरी दुसरीकडेच बघते." आणि त्यांनी श्रुतलेखन दाखवलं. त्यात सानूने लिहिलं होतं, 'नागपूरची मंत्री प्रसिद्ध आहेत.' आम्ही तिघंही हसलो. बाईंना हसू आवरेना. घरी येताना स्कूटरवर वैशाली म्हणाली, "हसलो खरं, पण लक्ष नाही हे काही बरं नाही. मी लोकांच्या पोरांना वळण लावते आणि आपलीच अशी." मी म्हणालो, "स्वप्नाळू आहे ती." त्या दिवसाचं स्टेटस अर्थात मंत्र्यांचं होतं.

यानंतरचं सांगायला मला अजूनही जड जातं, म्हणून मी ते पटकन सांगून टाकतो. एका रविवारी वैशालीने कुकर लावला आणि ती मागे कपडे वाळत घालायला गेली. सानू स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत चित्र रंगवत होती. तिला सांगून ठेवलं होतं, तीन शिट्ट्या झाल्या की मला हाक मार. मी समोर अंगणात स्कूटर धूत होतो. शिट्ट्या कानावर पडत होत्या, पण ते काम सानूचं म्हणून मी मोजल्या नाहीत. जळका वास आला तेव्हा मी धावत आत गेलो. डाळ जळून कोळसा झाली होती आणि सानू दाराच्या पलीकडे मन लावून आकाशाला निळा रंग देत बसली होती.

"शिट्ट्या ऐकू नाही आल्या?"

"कुकरने मारल्याच नाहीत," ती म्हणाली.

मला वाटलं खोटं बोलते आहे. मी तिचा कान धरला आणि पिळला. जोरात नाही, पण हळूही नाही. ती रडली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला त्या बघण्याचाही राग आला. उलट बघते, असं वाटलं.

आबा व्हरांड्यात होते. त्यांनी हा सगळा प्रकार दारातून पाहिला असावा. दुपारी जेवणं झाल्यावर ते उन्हात बाज टाकून तुरीच्या शेंगा सोलायला बसले. सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी करायची होती. सानू त्यांच्या शेजारी होती, सकाळचं विसरून गेलेली. मी पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने आबांनी मला हात करून बोलावलं.

"इकडं बस. पाह्य आता," ते म्हणाले.

त्यांनी गळ्यातला दुपट्टा तोंडावर धरला, मिशा पुसल्यासारखा, आणि त्याच्या आडून म्हणाले, "सानू, दान्याची वाटी दे."

सानूने विचारलं, "काय, आबा?"

त्यांनी दुपट्टा खाली घेतला आणि तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हटलं. सानूने वाटी उचलून दिली.

"पाह्यलं?" आबा मला म्हणाले. "पोट्टी तोंडाकडं पाहून आयकते. कानानं नाई."

"आबा, तिचं लक्ष नसतं."

"लक्ष हाय तिचं. तिचं लई लक्ष हाय. मी बी असंच करतो ना. तू बोलतं तवा मी तुह्या तोंडाकडं पाह्यतो. तुले वाटते बुढा आयकून राह्यला." ते शेंग सोलत राहिले. "तिले दवाखान्यात ने. अन् तिचा कान नोको पिळू."

मी उठलो, आत गेलो, पाणी प्यालो. मग बाहेर येऊन सानूच्या मागे उभा राहिलो आणि तिला हाक मारली. साध्या आवाजात, जसा घरात बोलतो तसा. ती शेंगांचे दाणे वाटीत टाकत होती, टाकत राहिली. मी दुसऱ्यांदा हाक मारली. बाजेवर शेंगांची टरफलं पडत होती, ऊन छान होतं, आणि माझी मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर, मला ऐकू न येणाऱ्या कुठल्यातरी शांततेत बसली होती. तिसऱ्यांदा हाक मारायच्या ऐवजी मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. त्या इमारतीत मी रोज शंभर जणांना सांगत असेन, कान-नाक-घसा डाव्या हाताला, पायऱ्या चढून वर. त्या दिवशी त्या पायऱ्या मी पहिल्यांदा स्वतःसाठी चढलो. तपासणीच्या खोलीत काचेची एक छोटी पेटीवजा खोली असते. सानूला त्यात बसवलं, मोठे हेडफोन लावले आणि सांगितलं, बीप ऐकू आला की हात वर कर. मी बाहेर, यंत्र चालवणाऱ्या ताईंच्या मागे उभा होतो. त्या आवाज सोडायच्या तेव्हा यंत्रावर एक लाल दिवा लागायचा. दिवा लागायचा, सानूचा हात मांडीवर. पुन्हा दिवा, हात मांडीवर. ती काचेतून माझ्याकडे बघून हसत होती, खेळ कधी सुरू होणार याची वाट बघत. बराच वेळ गेल्यावर एकदा तिचा हात वर गेला आणि तिने इतक्या आनंदाने तो वर धरून ठेवला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. वारंवार सर्दी होते, नाकाच्या मागची गाठ सुजते, कानाच्या पडद्याच्या मागे चिकट पाणी साचतं. दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून घरात कळत नाही. आवाज उशीतून यावा तसा येतो. "स, श, फ असे बारीक आवाज तर फारच कमी पोचतात," त्या म्हणाल्या. मला संत्री आठवली.

"किती दिवसांपासून असं आहे?" त्यांनी विचारलं.

उत्तर माझ्याकडे होतं, मोबाईलमध्ये, ओळीने. कुकरला सर्दी झाली तेव्हापासून. पाखरांना स्वेटर नव्हता तेव्हापासून. गाड्या चोरपावलांनी जायला लागल्या तेव्हापासून. सानूने तर रोज सांगितलं होतं, तिच्याकडे होते तेवढ्या सगळ्या शब्दांत सांगितलं होतं. मी ते गावभर सांगत हिंडलो होतो.

"दिवाळीच्या आसपास," मी म्हणालो.

सानूने मॅडमना विचारलं, "पाणी आंघोळीचं आहे का? मग मी आंघोळ बंद करू का?" मॅडम हसल्या. मला ते कुणालाही सांगावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर वैशालीला सांगितलं. ती बसच्या प्रवासाने थकून आली होती, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. ती सानूजवळ गेली, तिच्या समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "डाळ गेली चुलीत." एवढंच. मग बराच वेळ ती सानूचे केस नीट करत राहिली, जे आधीपासूनच नीट होते. नंतर मला म्हणाली, "मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला लगेच ओळखते. आवाज येत नसला की तो कसा मान वाकडी करतो ते मला कळतं. घरात कसं नाही कळलं?" मला वाटतं, घरात आपण बघत नसतो, आपण गृहीत धरत असतो. पण हे मी तेव्हा म्हणालो नाही, कारण ते म्हटल्याने तिला किंवा मला काही बरं वाटलं नसतं.

ऑपरेशनची घाई करू नका, मॅडम म्हणाल्या होत्या. नाकात मारायचा फवारा दिला आणि एक गमतीचा व्यायाम सांगितला. एक छोटी नळी, तिला फुगा लावलेला. नळी एका नाकपुडीला लावायची, दुसरी दाबून धरायची, तोंड मिटायचं आणि नाकाने फुगा फुगवायचा. दिवसातून चार-पाच वेळा. त्यामुळे कानाकडे जाणारा मार्ग मोकळा होतो म्हणे. पहिल्या दिवशी सानूच्या नाकातून फुगा नाही, भलतंच काहीतरी आलं. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. आबांनी नळी मागून घेतली. "मले पाहू दे." त्यांनी डोळे मोठे करून जोर लावला आणि फुगा टम्म फुगला. तेव्हापासून रोज दोघांची शर्यत. व्हरांड्यात एक म्हातारा आणि एक मुलगी नाकाने फुगे फुगवत बसलेत, हे बघायला समोरच्या काकू फाटकापर्यंत यायच्या.

मी त्या दिवसांत अतिच चांगला बाप झालो होतो. समोर येऊन, वाकून, स्पष्ट उच्चार करून बोलायचो. वैशाली म्हणायची, तू तिच्याशी बातम्या दिल्यासारखा बोलतोस. रात्री सहा-सहा उपाय मोबाईलवर वाचायचे आणि सकाळी एकही करायचा नाही, असं चाललं होतं. सानूने आईस्क्रीमचं नाव काढलं तरी माझा चेहरा उतरायचा. तिचा कान मात्र मी कितीतरी दिवस हाताने पुसूही शकलो नाही. आंघोळीनंतर ती माझ्यासमोर कान करायची आणि मी टॉवेल वैशालीकडे द्यायचो.

जानेवारी संपता संपता आबांच्या मेथीला फुलं आली. तपासणीत कान थोडा सुधारलेला दिसला. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं, सर्दी गेली, आणि एके सकाळी सानू स्वयंपाकघरात येऊन वैशालीला म्हणाली, "आई, तुझ्या बांगड्या किती बडबड करतात." वैशालीची पोळी तव्यावर तशीच राहिली. मग पुढचे काही दिवस सानूला प्रत्येक गोष्टीची तक्रार. झाडूचा आवाज येतो. चप्पल फटफट करते. माझ्या खाण्याचा आवाज होतो. शेवटच्या तपासणीत ताईंनी दिवा लावला की तिचा हात वर जात होता, दिवा लावला की वर. मी ताईंच्या मागे उभा राहून प्रत्येक वेळी मनातल्या मनात माझाही हात वर करत होतो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. मीही तसंच समजत होतो.

एके संध्याकाळी आबा टीव्ही बघत होते. सानू अभ्यासाला बसली होती. तिने कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, किती मोठा आवाज. मले दुखते ना." आबांनी लगेच रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. सानू अजून त्यांच्याकडे बघत होती, म्हणून आणखी कमी केला. इतका, की मला दोन पावलांवरून ऐकू येईना. मग ते पडद्याकडे बघत बसले. कुठलीतरी मालिका होती, माणसं तोंड हलवत होती आणि आबा मान डोलवत होते.

सानूने ते पाहिलं. ती माझ्याजवळ आली आणि खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "बाबा, माझ्या कानात पाणी झालं तर तू मला दुसऱ्याच दिवशी नेलंस. आबांना का नाही नेलं?"

"आबांचं वय झालंय," मी म्हणालो.

"वय झालं की नेत नाहीत?"

मुलांचे प्रश्न इतके सरळ असतात की आपल्याला वाकायला जागा राहत नाही. मी तिला सांगितलं की आबांचा आजार वेगळा आहे, त्यात पाणी नसतं, नस कमजोर होते. ते खरंही होतं. पण तिने ते विचारलंच नव्हतं. फार पूर्वी, आई असताना, मी एकदा आबांना म्हणालो होतो, मशीन लावू या का. आबा म्हणाले होते, "आता काय आयकाचं राह्यलं?" आणि मी त्यांचा शब्द लगेच मानला. बापाचा शब्द इतक्या आज्ञाधारकपणे मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत मानलेला नाही.

खिडकीवर मी अनोळखी माणसांना एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतो. काचेला गोल भोक आहे, त्यातून आवाज नीट जात नाही, बाहेर गोंगाट असतो. म्हातारी माणसं कानावर हात धरून वाकतात. मी चिडत नाही. माझी तशी ख्याती आहे तिथे. आणि घरी आबांनी दुसऱ्यांदा "काय?" म्हटलं की मी "काही नाही" म्हणायचो. हे "काही नाही" मी किती वेळा म्हणालो असेन, कोण जाणे. एखाद्या माणसाला आपण त्या दोन शब्दांनी हळूहळू घराबाहेर काढत असतो आणि तो आपल्याच व्हरांड्यात बसलेला असतो.

आबांना नेलं. त्याच पायऱ्या, तीच काचेची खोली. सानू हट्टाने बरोबर आली होती. तिने आबांना सगळं समजावून सांगितलं, बीप आला की हात, नाही आला तर घाबरायचं नाही. आबा हेडफोन घालून ताठ बसले, फोटो काढायला बसावं तसे. लाल दिवा लागत होता. मी मोजलं नाही. डॉक्टर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मशीनने फरक पडेल. पण आधी आणलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. ऐकायची सवयही जाते हळूहळू." त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर मुळीच नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मशीन बसवल्यावर आबांनी पहिल्यांदा सानूकडे बघितलं आणि म्हणाले, "तुहा आवाज असा हाय काय? मले वाटलं जाड अशीन." घरी आल्यावर त्यांना भांड्यांचा त्रास झाला, स्कूटरचा झाला, त्यांच्या स्वतःच्या खोकण्याने ते दचकले. कितीतरी दिवस ते मशीन डबीत ठेवून द्यायचे आणि सानू ते काढून आणून त्यांच्या कानात बसवायची, डॉक्टरच्या रुबाबात. हळूहळू त्यांना सवय झाली. सगळं ऐकू येतं असं नाही. गर्दीत गोंधळतात, फोनवर तर काहीच कळत नाही. पण एकटा माणूस समोर बसून बोलला की त्यांना आता दुपट्ट्याआडूनही कळतं.

यंदाही हिवाळा चांगला आहे. सानूच्या शिंकेचं पुढे काही झालं नाही, माझे फणस आणि शंख तिने बिनचूक ओळखले. आता ती मैत्रिणींशी दार लावून बोलते, इतकं हळू की बाहेर मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तिच्या गमती मी कुणाला सांगत नाही. टपरीवर कुणी विचारलंच तर म्हणतो, ठीक आहे, अभ्यास चालू आहे. एखादं वाक्य फार आवडलं तर आधी मनात विचारतो, हिला काही सांगायचं तर नाही ना?

गेल्या रविवारी दुपारी मी आणि आबा गच्चीवर उन्हात बसलो होतो. आबांच्या कानात मशीन होतं. मग त्यांनी विचारलं, "दिनू, तुही माय गेली तवा तू दवाई आनाले गेलता ना?"

"हो, आबा. तळेगावले गेलतो." त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडे वळते.

"ते बोलली होती."

"काय बोलली?"

"तेच तं," आबा म्हणाले. "लई वेळ बोलली, हळू हळू. मी जवळ बसलो होतो. मले काई आयकू नाई आलं. मी हो म्हटलं. तिले बरं वाटलं, जराशी हासली बी."

"मंग पुन्हा इचारलं काऊन नाई?"

"दम लागून राह्यला होता तिले. पुन्हा बोलाले कसं लावू?" ते उन्हाकडे बघत राहिले. "हो तं म्हनून बसलो. आता कशाले हो म्हटलं, ते कसं मालूम पडन? मंग इचार केला, काय सांगतलं अशीन. तंबाखूचा खर्रा सोड म्हने नेहमी, म्हून खर्रा सोडला. तिच्या बहिनीसंगं माहं भांडन होतं, तिच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो. बीपीच्या गोया टायमावर घेतो. बांधावरची चिंच तोडाची होती, ते ठेवली. एखादं तं तेच अशीन."

त्यांनी कानातलं मशीन बोटाने जरा आत दाबलं.

"आनखी काई राह्यलं, आबा?" मी विचारलं.

"एक राह्यलं होतं," ते म्हणाले. "'दिनूसंगं बोलत जा', असं बी म्हटलं अशीन. म्हून तं बोलून राह्यलो."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.